मोकळा प्लॉट घेण्याआधी जागेवर काय तपासाल? अनुभव लिहा

मोकळा प्लॉट पाहायला गेलं की नजर आजूबाजूच्या वस्तीवर आणि भावावर जाते. जमीन वाकून फारसं कुणी पाहत नाही. मालकी, वारस, गहाण, कोर्टातले दावे हे वकिलाकडून तपासून घ्यायचंच, पण त्याचे नियम जागोजागी वेगळे, म्हणून ते इथे नको. मोजणी, पाया, पाणी, सांडपाणी यांत काम करणाऱ्यांनी प्रत्यक्ष जागेवर काय पाहावं आणि नेमकं कुठे फसतं ते लिहावं. आकडे जरूर द्या.

मोजणीदार

कुंपण म्हणजे हद्द नव्हे. ते सोयीनं घातलेलं असतं, वाटेत झाड किंवा खडक आला की वळतं. हद्दीच्या मूळ खुणा शोधा आणि नकाशाशी जुळवा. फोनवर विसंबू नका. उघड्या आभाळाखालीही तो साधारण ५ मीटर इकडेतिकडे दाखवतो.

चारी बाजू मोजून थांबू नका, दोन्ही कर्णही मोजा. २० बाय ३० मीटरचा प्लॉट काटकोनात असेल तर क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर आणि दोन्ही कर्ण ३६.०६ मीटर. तोच चौकोन कलून एका कोपऱ्यात ७० अंशांचा झाला, तर बाजू तेवढ्याच राहतात आणि क्षेत्रफळ ५६४ वर येतं. कर्ण तेव्हा साधारण ४१.४ आणि २९.८ भरतात. नुसत्या बाजू मोजणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

उतारावर टेप जमिनीलगत धरला तर लांबी जास्त भरते. १५ टक्के उतारावर जमिनीलगतचे ३० मीटर म्हणजे आडवे २९.६७ मीटर. नकाशात धरतात ते आडवं अंतर.

पाया आणि माती

सगळ्यात आधी शोधायचा तो भराव. प्लॉट शेजारच्या जमिनीपेक्षा उंच आणि एकदम सपाट, नुसतं तण, जुनं झाड एकही नाही, असं दिसलं की संशय घ्या. झाड असेल तर बुंधा पाहा. जमिनीजवळ तो रुंदावायला हवा. खांबासारखा सरळ आत गेलेला दिसला तर भोवती माती टाकलेली असू शकते. मग खड्डा घ्या, दीड ते दोन मीटर खोल, आणि एकाच जागी नको, समोरासमोरच्या कोपऱ्यांत घ्या. जुनी विहीर किंवा खाण बुजवलेली असते ती बहुतेक प्लॉटच्या एकाच भागात, आणि अर्धं घर भरावावर, अर्धं मूळ जमिनीवर आलं की दोन्ही भाग वेगवेगळे खचून भिंती तडकतात. विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, कुजका काळा थर निघाला तर पाया त्याखालच्या मूळ कठीण थरापर्यंत न्यावा लागतो. तो खर्च जमिनीच्या भावात धरा.

चिकणमाती ओळखायची सोपी रीत: ओली माती मळून अंगठा आणि बोटामध्ये दाबत तिची पट्टी काढा. ५ सेंटीमीटरच्या पुढे न तुटता गेली तर चिकण भरपूर आहे. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी घालून जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटाभरात बसते, गाळाला काही तास लागतात, चिकण दिवसभर गढूळ राहते. फुगणारी चिकणमाती पावसात पाया उचलते आणि उन्हात आक्रसते. शेजारच्या घरांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरक्या भेगा पाहून या. माझ्या मते कोणत्याही अहवालाआधी ही फेरी मारावी.

मातीचा पक्का अहवाल हवाच. माती किती घट्ट ते कळायला बोअर, म्हणजे जमिनीत खोल भोक, घेताना ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून टाकून नळी ४५ सेंटीमीटर ठोकतात. पहिले १५ सोडून उरलेल्या ३० सेंटीमीटरचे ठोके धरतात. अहवालात ठोक्यांबरोबर पाणी कोणत्या खोलीवर लागलं तेही विचारा.

बांधकाम पर्यवेक्षक

वरच्या प्रतिसादात एक भर: खड्ड्यात उतरू नका. आधार न दिलेल्या बाजू न सांगता ढासळतात, आणि छातीपर्यंतची मातीसुद्धा जीव घेते. बादलीनं माती वर काढून पाहा.

पाणी आणि सांडपाणी

प्लॉट भर पावसात पाहावा. ते जमत नसेल तर कोरड्या दिवसांतही जमीन सांगते. खड्ड्याच्या बाजूला राखाडी मातीत गंजाच्या रंगाचे ठिपके ज्या खोलीपासून दिसतात, तिथपर्यंत पाणी वर्षातला काही काळ चढत असतं. ठिपके ४० सेंटीमीटरवरच सुरू झाले तर तळघराचा विचार सोडा, सांडपाणी मुरवायचा शोषखड्डाही तिथे चालायचा नाही. कुंपणाच्या तारांत अडकलेला काडीकचरा पुराची उंची दाखवतो. वरच्या बाजूला नवी वस्ती होत असेल, तर पूर्वी मुरणारं पाणीही आता तुमच्याकडे येणार.

सांडपाण्याच्या गटाराची खोली मोजा. १०० मिलिमीटरच्या नळीला साधारण ६० ला १ उतार लागतो, म्हणजे ३० मीटरला अर्धा मीटर. गटार त्यापेक्षा उथळ निघालं की पंप बसवावा लागतो, आणि वीज गेली की घरातलं पाणी अडतं.

गटार नसेल तर मुरण्याची चाचणी घ्या. शोषचर, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायचा चर, ज्या खोलीवर येणार तिथपर्यंत खड्डा घ्या, रात्रभर भिजवा, मग पुन्हा पाणी भरून पातळी किती वेळात किती उतरते ते पाहा. २.५ सेंटीमीटर उतरायला तासाहून जास्त लागला तर जागा शोषचराला नालायक. भिजवल्याशिवाय घेतलेली चाचणी नेहमी खोटा दिलासा देते, कारण कोरडी जमीन सुरुवातीला भराभर पाणी पिते.

रस्ता पाहणारे

रस्ता प्लॉटला लागलेला दिसतो, पण मध्ये दुसऱ्याच्या मालकीची हातभर पट्टी नाही ना, हे नकाशावर पाहा. दुसऱ्याच्या जमिनीतून वाट असेल तर वहिवाटीचा हक्क लेखी, नोंदवलेला आणि रुंदीसकट हवा. ६ घनमीटर काँक्रीटची गाडी भरल्यावर २५ टनांच्या आसपास जाते. वाटेतला छोटा पूल तेवढं पेलेल का?

मातीतलं प्रदूषण

आधी तिथे गॅरेज, इंधनाचा साठा, बॅटरीचं किंवा रंगाईचं काम होतं का, शेजाऱ्यांना विचारा. काहीच न उगवणारे ठिगळासारखे भाग दिसले तर तिथली माती प्रयोगशाळेत द्या. डबक्यावर रंगीत तवंग असेल तर काडी फिरवा. तुकडे होऊन तसेच राहिले तर तो बहुधा लोहजीवाणूंचा. फिरून एकत्र मिळाला तर तेल.

आराखडे करणारे

हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागा वजा करून मगच भाव बोला. १२ बाय २५ मीटरच्या प्लॉटवर चारी बाजूंना ३ मीटर सोडायचे असतील, तर ३०० पैकी ६ बाय १९, म्हणजे ११४ चौरस मीटर हाती उरतात. वरून वीजवाहिनी किंवा खालून नळ जात असेल तर आणखी कमी.

विसाराच्या करारात लिहून घ्या की माती, मुरण, मोजणी यांपैकी काही नापास झालं तर विसार परत मिळेल, आणि चाचण्यांसाठी जागेत शिरायची परवानगी किती दिवस. आधी फुकटचं पाहा: शेजारची घरं, पाऊस, उतार. मग बरणी आणि खड्डा. बोअर आणि पक्की मोजणी विसारानंतर, बाकी रक्कम देण्याआधी.