कॉलेज, कथक आणि बॅले एकाच पिशवीत: कपडे-चपलांचं गणित कसं बसवू?

चक्कर_एकवीस:
नमस्कार मंडळी. एसवाय बीएस्सी, केमिस्ट्री. राहायला नाशिकच्या सिडकोत, कॉलेज आणि दोन्ही क्लास कॉलेज रोडच्या बाजूला, प्रवास स्कूटीवर. सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी ६ ला कथक, मंगळवार-गुरुवारी त्याच वेळेला बॅलेचा नवशिक्यांचा वर्ग. प्रॅक्टिकल साडेचारला सुटतं, मग जर्नल, मग थेट क्लास. मध्ये घरी जाणं होत नाही.

बॅलेवाल्या मुली घालतात तसे कपडे रोजच घालायला आवडतील: पुढून एकावर एक येऊन कमरेला बांधायचा टॉप, मऊ स्कर्ट, सपाट बॅले फ्लॅट्स. पण गॅदरिंगमधली परी वाटायला नको. बजेट एकूण ३०००. घरी आजीचं साधं शिलाई मशीन आहे, झिगझॅग नाही. काय विकत घ्यावं, काय शिवावं, आणि कशाच्या नादी लागूच नये?

तळपाय:
चपलांपासून सुरुवात करतो, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात.

बॅले स्लिपर आणि बॅले फ्लॅट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्लिपर म्हणजे वर्गात घालायचा मऊ कॅनव्हासचा किंवा चामड्याचा जोड. त्याच्या तळाला पातळ, मखमलीसारखं चामडं असतं. तो घालून पार्किंगपर्यंत जरी गेलीस तरी तळात वाळूचे कण रुततात. मग तो वर्गाच्या फरशीवर एका जागी अडकतो, दुसऱ्या जागी घसरतो आणि गिरकी घेताना गुडघा पिळला जातो. स्लिपर कापडी थैलीत ठेवायचा, वर्गाच्या दारातच पायात चढवायचा.

फ्लॅट हा त्याचाच रस्त्यावर आलेला भाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत क्लेअर मकार्डेल या डिझायनरने कपेझियो कंपनीकडून नाचाच्या स्लिपरला बाहेर चालण्याजोगा तळ लावून घेतला. १९५६ मध्ये पॅरिसच्या रेपेट्टोने ब्रिजित बार्दोसाठी ‘सांद्रियों’ हा जोड केला आणि तो घराघरात गेला. पुढची ती इवलीशी गाठ शोभेची वाटते, पण मुळात ती काठातून फिरणाऱ्या दोरीची गाठ आहे. दोरी ओढून काठ पायाला घट्ट बसवायचा.

विकत घेताना:
– संध्याकाळी घे. दिवसभर उभं राहून पाय किंचित सुजलेला असतो, सकाळी बसलेला जोड तेव्हा चावतो.
– चपलेची दोन टोकं धरून वाकव. बोटांच्या बुडाशी वाकली तर ठीक. मधोमध, कमानीखाली दुमडली तर परत ठेव, अशा चपलेनेच टाच दुखायला लागते.
– टाचेमागचा भाग अंगठ्याने दाब. लगेच चपटा झाला तर चालताना टाच सुटत राहील आणि ती धरून ठेवायला बोटं आकडलेली राहतील. नाचणाऱ्या पायाला ही सवय फार वाईट.
– तळ अगदी कागदासारखा असेल तर चर्मकाराकडून २ मिलिमीटर रबराचा अर्धा तळ लावून घे, आणि आत कमानीला उचल देणारा सुखतळा. सुखतळा घालायचा असेल तर तो दुकानात सोबत ने, नाहीतर जोड आखूड पडतो.

एक महत्त्वाचं: केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला फ्लॅट्स नकोत. पाऊल वरून उघडं असतं, ॲसिडचा थेंब पडायला तेवढी जागा पुरते. नायलॉनचे टाइट्सही नकोत, बर्नरजवळ ते वितळून कातडीला चिकटतात. लॅबला सुती पँट आणि बंद बूट, फ्लॅट्स पिशवीत.

सुई_दोरा:
मशीनला झिगझॅग नाही म्हटल्यावर ताणणाऱ्या कापडाचं काम घरी करू नकोस बाई. साध्या सरळ शिवणीत धागा ताणत नाही, कापड ताणतं. पहिल्यांदा हात वर केलास की काखेत टरकन उसवतं. म्हणून वाटणी अशी कर: लिओटार्ड (अंगाला चिकटून बसणारा, वर-खाली एकसंध नाचाचा पोशाख) विकत, रॅप टॉप बाहेरून शिवून, स्कर्ट घरी.

लिओटार्ड (झ्यूल लेओतार नावाच्या १९ व्या शतकातल्या फ्रेंच कसरतपटूवरून नाव पडलं) घेताना छातीचं माप पुरत नाही. टेप एका खांद्याच्या मध्यावर धर, पुढून खाली, दोन पायांमधून मागे, परत त्याच खांद्यावर. हा पूर्ण वेढा कंपनीच्या तक्त्यात बघ. छाती जमली आणि वेढा कमी पडला तर पट्टे खांद्यात रुततात, जास्त झाला तर पोटावर चुण्या पडतात. कॉलेजला जीन्सच्या आत दिवसभर घालणार असशील तर खाली टिचबटणं असलेला बॉडीसूट घे. नाहीतर प्रत्येक वेळी बाथरूमला जाताना सगळं उतरवावं लागतं, हे दुकानात कोणी सांगत नाही.

रॅप टॉपला मेन रोडच्या कटपीसवाल्यांकडे कॉटन-लायक्रा होजिअरी माग. दोन्ही दिशांना ताणून बघ, आणि सोडल्यावर जागेवर येतं का तेही बघ. जे कापड सैल पडून राहतं त्याचे कोपरे आठवड्यात फुगतात. शिवायच्या आधी एकदा धुऊन वाळव, होजिअरी आटते. शिंप्याला दोन गोष्टी बजावून सांग: ओव्हरलॉकवरच जोड आणि बोथट टोकाची होजिअरीची सुई. साध्या टोकदार सुईने विणीचा धागा तुटतो, आणि शिवणीच्या कडेने बारीक भोकांची रांग दोन धुण्यांनंतर उमटते.

बंद इतके लांब ठेव की कमरेला पूर्ण वेढा मारून गाठ बाजूला येईल. गाठ पाठीवर आली तर जमिनीवरच्या व्यायामात मणक्याला टोचते. उजव्या बाजूच्या शिवणीत बंद आरपार जायला ३ सेंटिमीटरची फट ठेवून घे. ती विसरली तर आतला पदर सरकत राहतो आणि तू दिवसभर ओढत राहतेस.

आता स्कर्ट. जुनी जॉर्जेटची ओढणी घे, सव्वादोन मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद असली की पुरते. कंबर ७० धरू. पदर एकमेकांवर यायला दीडपट, म्हणजे १०५. अर्धवर्तुळ कापायचं आहे, म्हणून १०५ भागिले ३.१४, आतली त्रिज्या साधारण ३३.५. स्कर्टची लांबी ३६ ठेवली तर बाहेरची त्रिज्या ६९.५. ओढणीची लांब कड सरळ धर, तिच्या मध्यावर खूण कर, तिथून दोरीने दोन्ही कमानी आख. १३९ बाय ६९.५ मध्ये सगळं बसतं, उरलेल्या पट्टीतून ९०-९० चे दोन बंद निघतात. पुढचे दोन्ही कोपरे गोल कर, म्हणजे पुढून आखूड आणि मागून लांब असा उतार येतो.

चुकतं कुठे? कात्री फिरवल्याबरोबर कमरेच्या वळणावर हाताने धावदोरा घाल, नाहीतर हाताळता हाताळताच जॉर्जेट ओढलं जाऊन कंबर वाढते. आणि खालची कड लगेच करू नकोस. कमरेची पट्टी लावून स्कर्ट एक रात्र हँगरला टांगून ठेव. तिरक्या धाग्यावरचा भाग खाली उतरतो. सकाळी वरखाली झालेलं कापून सारखं कर, मग पिको. आधी पिको केलंस तर आठ दिवसांत कड लाटेसारखी होते. बंद सॅटिन रिबिनीचे लावू नकोस, गाठ सरकते. जॉर्जेटची गाठ जॉर्जेटला धरते.

कॉलेजमध्ये हा स्कर्ट लेगिंगवर किंवा सरळ पँटवर बांध. एका वेळी बॅलेची एकच वस्तू ठळक असू दे. टॉप, स्कर्ट, फ्लॅट्स आणि केसात रिबीन असं चारही एकदम घातलं की मग ती तुझी परी होते.

हेल्मेट_आहे_ना:
अंबाड्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. बॅलेचा उंच अंबाडा हेल्मेटमध्ये बसत नाही आणि हेल्मेट वर उचललेलं राहतं, ते धोक्याचं. प्रवासात मानेवर सैल वेणी. क्लासला पोहोचल्यावर पोनी (जबड्याची रेषा मागे नेल्यावर जिथे पोहोचते त्या उंचीवर), पीळ, चपटी गुंडाळी, त्यावर जाळी, शेवटी यू-पिना. पिन आधी बाहेरच्या दिशेने केसात घाल, मग उलटी फिरवून डोक्याला लागून आत ढकल. सरळ खुपसलेली पिन पहिल्या उडीला बाहेर येते. हात बसला की तीन मिनिटांचं काम.

चक्कर_एकवीस:
सुई_दोरा ताई, ओढणीचं गणित वहीत उतरवून घेतलं, खूप खूप आभार. अजून दोन शंका. टाइट्स कुठल्या रंगाचे घेऊ? गुलाबी माझ्या रंगाला वेगळेच दिसतात. आणि क्लास नसलेल्या दिवशी घरी २० मिनिटं मिळतात, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. त्यात काय करता येईल?

लयकारी:
टाइट्स कन्व्हर्टिबल घे. तळव्याखाली फट असते, कथकला ती घोट्यावर सरकवून पाऊल उघडं करता येतं, बॅलेला परत ओढून घ्यायची. तुझ्या वेळापत्रकाला हेच बरं. घुंगरू मात्र टाइट्सवर बांधू नकोस, दोरी नायलॉनवरून घसरते आणि जाळी फाटते.

रंगाचं कारण समजून घे म्हणजे गोंधळ होणार नाही. पाय कमरेपासून अंगठ्यापर्यंत एकच अखंड रेषा दिसावा एवढ्यासाठी टाइट्स आणि स्लिपर कातडीच्या रंगाचे ठेवायचे. युरोपातल्या गोऱ्या नर्तकींमुळे तो गुलाबी ठरला. सावळ्या-काळ्या नर्तक कित्येक वर्षं स्लिपरवर फाउंडेशन थापून आपला रंग आणत होत्या. २०१८ मध्ये लंडनच्या फ्रीड कंपनीने बॅले ब्लॅक या मंडळीसोबत तपकिरी छटांचे पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभं राहायचे कडक जोड) काढले. तेव्हा वर्गाचा गुलाबीचा नियम नसेल तर गव्हाळ किंवा तपकिरी घे. फ्लॅट्सही त्याच छटेचे घेतलेस तर घोट्यापाशी पाय तुटल्यासारखा दिसत नाही.

स्लिपरचं इलॅस्टिक बहुतेक वेळा स्वतः शिवावं लागतं. टाचेचा भाग आत दुमड, दुमड जिथे संपते तिथे पेन्सिलची खूण, तिथे इलॅस्टिकचं मोकळं टोक शिव. टाके फक्त आतल्या अस्तरातून घे आणि काठातल्या दोरीला सुई लागू देऊ नकोस. दोरी टाक्यात अडकली की ती परत ओढताच येत नाही, अख्खी शिवण उसवावी लागते. दोरी पायाच्या मापाला बसवली की गाठ मारून टोकं आत खोच.

घरच्या टाइल्सवर उड्या अजिबात नाहीत. वर्गाची लाकडी जमीन थोडी दबते, टाइल दबत नाही, तो धक्का नळीच्या हाडावर येतो. मोजे घालून गिरक्याही नाहीत. २० मिनिटांत एवढंच: पहिल्या (टाचा जुळलेल्या) आणि दुसऱ्या (पावलांत अंतर) पोझिशनमध्ये आठ-आठ डेमी प्लिए, म्हणजे गुडघे अर्धे वाकवणं, मग तांद्यू (पाऊल जमिनीवरून सरकवत पाय ताणणं) पुढे-बाजूला-मागे-बाजूला प्रत्येकी चार, दोन्ही पायांनी. मग रेलेव्हे (टाचा उचलून चवड्यांवर येणं) बाराचे दोन फेरे, शेवटी एका पायावर २० सेकंद तोल. प्लिएत गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत जायला हवा. पावलं जास्त उघडून गुडघे आत पडत असतील तर पावलं मिटव. उघडणं खुब्यातून येतं, घोट्यातून ओढून आणलेलं उसनं असतं. रेलेव्हेत वजन करंगळीकडे गेलं की घोटा बाहेर लचकतो. अंगठा आणि दुसरं बोट यांच्यावर ठेव.

कथकवाल्यांची खास चूक: चक्कर तू डाव्या टाचेवर घेतेस, पिरुएट (बॅलेतली एका पायावरची गिरकी) मात्र चवड्यावर असतो. दमल्यावर शरीर आपोआप टाच खाली आणतं. नजर एका बिंदूवर रोखून डोकं शेवटी झटक्यात वळवायचं, हे दोन्हीकडे सारखंच. म्हणजे अवघड अर्धं काम तुझं झालेलं आहे.

तळपाय:
आधाराला प्लास्टिकची खुर्ची धरू नकोस, पाय मागे नेताना ती उलटते. स्वयंपाकघराचा ओटा बरा.

लयकारी:
ओटा बहुतेकींना खालीच पडतो, खांदा झुकतो. कोपर सैल वाकवून हात बरगड्यांच्या थोडं खाली आणि शरीराच्या किंचित पुढे टेकला पाहिजे. खिडकीचा कठडा त्या उंचीला असेल तर तो धर, किंवा भिंतीला नुसता तळवा लाव. आणि धरायचं म्हणजे टेकवायचं. मुठीत आवळलंस तर सगळा तोल हातावर जातो.

हेल्मेट_आहे_ना:
डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात छापून यायला लागला की लेग वॉर्मर लागतील. विकत कशाला? जुन्या स्वेटरच्या बाह्या ४०–४५ सेंटिमीटरवर काप, वरची कड ओव्हरलॉक करून आण, मनगटाचा घट्ट भाग घोट्याकडे. स्कूटीवरून उतरल्यावरही घालून ठेव, प्लिए संपल्यावर काढ. शिकवणाऱ्याला गुडघा-घोटा दिसला पाहिजे.

चक्कर_एकवीस:
शेवटचं. पावसाळ्यात हे सगळं वाळवायचं कसं? मागच्या जुलैत लेगिंगला असा वास बसला की टाकून द्यावी लागली.

सुई_दोरा:
वास बसतो तो पिशवीत. घामाचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर ठेवायचे नाहीत, स्कूटीच्या डिकीत तर नाहीच. जाळीची पिशवी घे आणि घरी आल्याबरोबर नुसत्या गार पाण्यातून काढ. धुताना सौम्य पावडर, गार पाणी. सुगंधी कंडिशनर घालू नकोस, लायक्रावर त्याचा थर बसतो, कापड घाम शोषत नाही आणि वास आणखी धरून ठेवतं. पिळू नकोस. कोरड्या पंचात गुंडाळून दाब, पाणी पंचा पितो. मग पंख्याखाली आडवं पसर, दोरीवर खांद्याला चिमटे लावलेस तर पट्टे लांबतात. कडक उन्हात आणि ड्रायरमध्ये लायक्राचा ताण मरतो, इस्त्री तर लांबच ठेव.

स्लिपर पाण्यात बुडवायचे नाहीत, चामड्याचे तर मुळीच नाहीत. आत वर्तमानपत्राचे बोळे भर, दोन तासांनी बदल. आणि चामड्याचे फ्लॅट्स जून ते सप्टेंबर कपाटात ठेव, आत कोरडा कागद घालून. त्या चार महिन्यांत रस्त्यावर साध्या पीव्हीसीच्या सपाट चपला घाल. पाय घामेजतात खरे, पण घरी येऊन चपला नळाखाली धरल्या की झालं.