फिरणं कमी, कागद जास्त

वन्यजीव संवर्धनाचं काम करणाऱ्या संस्थेतली नोकरी म्हणजे 'दिवसभर जंगलात भटकायचं आणि वर पगार, मजा आहे' असं काहींना वाटतं, म्हणून थोडं सांगते ते काम खरं कसं असतं. भटकंती असते, पण बराचसा वेळ खुर्चीतच जातो: अनुदानाचे अर्ज, हिशेब, देणगीदारांना अहवाल. देणगी बहुतेकदा ठरावीक प्रकल्पापुरती असते, त्यातून कार्यालयाचं भाडं किंवा पगार भागवायचे तर मारामार. त्यामुळे नोकरीही अनेकदा प्रकल्प असेपर्यंतच.

कॅमेरा ट्रॅप (जंगलात लावून ठेवलेला, समोर प्राणी आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) ऐकायला भारी वाटतो. कार्ड उघडलं की शेकड्यांनी नुसत्या गवताचे फोटो! उन्हाने तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी सेन्सरला प्राणी आल्यासारखं वाटतं. ते एकेक बघून वेगळे काढायचे.

आणि घाणेरी (लँटाना, जंगलात माजणारं परकं झुडूप) काढणं. वरवर छाटली की पुन्हा फुटते, म्हणून बुडाशी, मातीखाली तोडावी लागते. तरी पक्षी फळं खाऊन बिया टाकत राहतातच, म्हणजे पुढची काही वर्षं त्याच जागी जाऊन रोपं उपटायची. पैसे मात्र वर्षभराचेच मंजूर! (माझी सगळ्यात जास्त चिडचिड इथेच होते.)

या नोकरीसाठी अर्ज करणार असाल तर पक्ष्यांची नावं पाठ करण्याआधी एक्सेल नीट शिकून घ्या. आणि रागावलेल्या माणसाचं शांतपणे ऐकून घ्यायची सवय असेल तर फारच उत्तम.