बॅक्युला: कॅटलॉगचं मशीनच गेलं तर?

टेपलायब्ररी: नमस्कार मंडळी, आमच्याकडे बॅक्युला (बॅकअपचं सॉफ्टवेअर) आहे, एलटीओ-६ टेपा, आणि डायरेक्टर (जॉब चालवणारा मुख्य प्रोग्राम), स्टोरेज डीमन (टेपवर लिहिणारा प्रोग्राम), कॅटलॉगचं म्हणजे फाइलींच्या नोंदींचं पोस्टग्रेस डेटाबेस सगळं एकाच मशीनवर, डिस्क रेडमध्ये (डेटा अनेक डिस्कवर). रोज रात्री कॅटलॉगचा बॅकअप घेणारा बॅकअपकॅटलॉग जॉब ओके येतो म्हणून सगळे निवांत आहेत पण मला काळजी वाटतेय, ते मशीनच गेलं तर कुठली फाइल कुठल्या टेपवर आहे हे सांगणार कोण? सीनियर म्हणतात बीस्कॅन आहे की, टेपा वाचून कॅटलॉग परत उभा करता येतो. एवढ्यावर विसंबायचं का? की दुसऱ्या सर्व्हरवर कॅटलॉगची रेप्लिका (सतत अपडेट होणारी प्रत) ठेवू?

जुना_अ‍ॅडमिन: बीस्कॅनवर अजिबात विसंबू नका. चालतं ते, पण टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. एलटीओ-६ भरलेली असेल तर २.५ टीबी, ड्राइव्ह सेकंदाला १६० एमबीने पळाला तरी एका टेपेला सव्वाचार तासांच्या वर, आता तुमच्या कपाटात किती टेपा आहेत त्याने गुणा, आणि तोवर युजर फाइल मागत बसलेले असणार.

खरी गोम वेगळीच आहे. डिफॉल्ट जॉबमध्ये स्क्रिप्ट आधी डेटाबेसचा डंप (सगळा डेटा एका फाइलीत) काढते, तो टेपवर जातो, आणि जॉब संपला की दुसरी स्क्रिप्ट तो डंप डिस्कवरून उडवते. म्हणजे तुमचा कॅटलॉग कुठल्या टेपवर आहे हे फक्त कॅटलॉगलाच माहीत! यासाठीच बूटस्ट्रॅप फाइल असते. छोटी टेक्स्ट फाइल, त्यात व्हॉल्यूमचं (म्हणजे टेपेचं) नाव, सेशन आयडी, टेपवरची जागा, सगळं लिहिलेलं असतं, ती हातात असली की बीएक्सट्रॅक्ट या बॅक्युलाच्या टूलने कॅटलॉगशिवाय डंप बाहेर काढता येतो. पण तीही डिफॉल्टने त्याच मशीनच्या वर्किंग डिरेक्टरीत पडते. जॉबमधल्या राइट बूटस्ट्रॅप या सेटिंगला पाइप देऊन (म्हणजे फाइल थेट दुसऱ्या प्रोग्रामकडे पाठवून) बीएसएमटीपी या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामने रोज मेल करून घ्या, मेल सर्व्हर मात्र दुसरीकडचा पाहिजे. डंपची एक कॉपीही उडवायच्या आधी दुसऱ्या मशीनवर ढकला, आणि डायरेक्टरच्या कॉन्फिग फाइल्स पण.

पीजी_प्रेमी: रेप्लिका ठेवा, पण ती फक्त मशीन मेलं तरच कामाची, कोणी चुकून टेबल ड्रॉप केलं तर ते दोन्हीकडून जाणार. त्यापेक्षा बेस बॅकअप अधिक वॉल आर्काइव्ह (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या लॉगचा साठा) दुसऱ्या डिस्कवर, मग ड्रॉपच्या आधीच्या क्षणाला परत जाता येतं. रेड हा बॅकअप नव्हे हे तर सगळ्यांना माहितीये तरी लोक तिथेच थांबतात.

रिस्टोअरताई: दोन गोष्टी राहिल्या. फाइल रिटेन्शन (फाइलच्या नोंदी कॅटलॉगमध्ये ठेवायची मुदत) डिफॉल्टला ६० दिवस असतं, त्यानंतर टेपवर डेटा असला तरी कॅटलॉगमधून फाइलच्या नोंदी प्रून होतात म्हणजे छाटल्या जातात, मग एक फाइल निवडून काढता येत नाही, अख्खा जॉब काढावा लागतो. आणि बीस्कॅन चालवायची वेळ आलीच तर आधी रिटेन्शन वाढवा नाहीतर ऑटोप्रून बंद करा, नाहीतर एवढे तास घालवून आणलेल्या जुन्या नोंदी पुढच्याच जॉबला परत जातील. क्लायंटकडे एन्क्रिप्शन लावलं असेल तर क्लायंटची की आणि मास्टर की बाहेर ठेवा, दोन्ही गेल्या तर कॅटलॉग शाबूत राहूनही उपयोग नाही.

टेपलायब्ररी: खूप आभार, बूटस्ट्रॅप खरंच तिथेच पडतेय, आत्ताच बघितलं. एक शंका, कॅटलॉग जॉबची प्रायॉरिटी ११ आहे आणि बाकीच्यांची १०, तेवढी ठेवू ना?

जुना_अ‍ॅडमिन: हो, आकडा मोठा म्हणजे नंतर चालणार, रात्रीचे सगळे जॉब त्या डंपमध्ये यायला हवेत. फक्त एखादा जॉब टेपची वाट बघत अडकला तर कॅटलॉगवाला पण त्याच्यामागे थांबून राहतो, म्हणून सकाळी मेल आला नाही तर लगेच बीकन्सोलमध्ये (बॅक्युलाला कमांड द्यायचा प्रोग्राम) स्टेटस डायरेक्टर बघा. आणि एकदा रिकाम्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) नुसती मेलमधली बूटस्ट्रॅप आणि टेप घेऊन कॅटलॉग उभा करून दाखवा, सीनियरना शेजारी बसवूनच.