डाएट क्लिनिकमध्ये मेडिक्लेम घ्यावा का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

पेजभात
नमस्कार मंडळी, पटकन सल्ला हवाय. कुडाळला माझं डाएट क्लिनिक आहे, बऱ्यापैकी चाललंय. हल्ली जो येतो तो विचारतो मॅडम मेडिक्लेम चालतं का, आणि नाही म्हटलं की "बरं, येतो हां" म्हणून जातो तो गेलाच. आता एकांनी पॅनेलवर घेतो म्हणून कागद पाठवलेत, शुक्रवारपर्यंत सही करून द्या म्हणतात. घेऊ की नको? ज्यांनी घेतलंय त्यांनीच सांगा, उगाच ज्ञान नको.

तिरफळ
एकांनी म्हणजे कोणी? विमा कंपनी, टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम बघणारे) की ॲपवाले? तिन्ही वेगळी प्रकरणं आहेत. आणि कॅशलेस की नुसता डिस्काउंट? कागदावर काय लिहिलंय ते टाका की ताई, आम्ही काय इथे पत्रिका बघायला बसलोय?

माडाखाली
घेऊन टाका, विचार कसला करायचा. माझ्या मेव्हण्याचं कोल्हापूरला दातांचं क्लिनिक आहे, पॅनेलवर आल्यापासून खुर्ची रिकामी नसते. आणि आता २०२४ पासून कॅशलेस सगळीकडे झालंय, बातमीत होतं, तुम्ही नाही म्हणालात तरी पेशंट हक्काने मागणार.

टीपीएवाला
माडाखाली, ते "कॅशलेस एव्हरीव्हेअर" हॉस्पिटलांसाठी आहे हो, १५ खाटा आणि नोंदणी असलेल्या. ताईंकडे एक वजनकाटा आणि दोन खुर्च्या असतील, त्यांचा काय संबंध.

मी बरीच वर्षं हॉस्पिटलच्या क्लेम डेस्कवर बसलोय म्हणून सांगतो. आपल्याकडचा नेहमीचा मेडिक्लेम म्हणजे ॲडमिट झाल्यावरचा खर्च. आणि ॲडमिट असतानाही डाएटिशियनचे पैसे वेगळे लावता येत नाहीत, विमा नियामक आयआरडीएआयच्या याद्या आहेत त्यातल्या चौथ्या यादीत "न्यूट्रिशन प्लॅनिंग, डाएटिशियन चार्जेस" हे उपचाराच्या खर्चातच धरायचं म्हटलंय, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि युरिन बॅगच्या पंगतीला. वजन कमी करायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका, लठ्ठपणा आणि वेट कंट्रोल हे स्टँडर्ड एक्स्क्लुजनमध्ये, म्हणजे विमा देत नाही त्या यादीत आहे, कोड ०६. वजन कमी करायच्या ऑपरेशनला सुद्धा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. त्यामुळे "मेडिक्लेम चालतं का" याचं उत्तर पेशंटच्या पॉलिसीत ओपीडी कव्हर (ॲडमिट न होता घेतलेल्या सल्ल्याचा खर्च) आहे का यावर आहे, तुमच्यावर नाही. पेशंट कोण आहेत तुमचे?

पेजभात
बरं सांगते सगळं, मला वाटलं एवढं नाही लागणार. ॲपवालेच आहेत, नाव नाही लिहीत. कंपन्यांच्या स्टाफला ओपीडी कव्हर देतात त्यांचं काम बघतात. पेशंट अर्धे डायबेटीस-थायरॉइड, थोडे डायलिसिसवाले, बाकी पीसीओडीच्या मुली. विचारणारे जास्त करून मुंबईत नोकरी आणि आईवडील इथे असे, नाहीतर गणपतीत आलेले चाकरमानी. माझी फी पहिल्यांदा ७००, फॉलोअपला ३००. ते देणार २८० एका कन्सल्टचे, १५ दिवसांत कितीही फॉलोअप फुकट, पैसे ४५ दिवसांनी. टीडीएस कापणार. आणि त्यांच्या पेशंटला दुसरं पॅकेज विकायचं नाही असं कलम आहे.

तिरफळ
हे तुम्ही पाचव्या पोस्टीत सांगताय!! हीच तर गोम आहे.

अहो तुमच्या धंद्यात पहिली भेट म्हणजे नुसती ओळख, खरं काम फॉलोअपमध्ये. माणूस घरी जातो, तीन दिवस नाचणीची भाकरी खातो, चौथ्या दिवशी फणसाचे गरे ताटलीभर खाऊन तुम्हाला फोटो पाठवतो, "मॅडम चालेल ना?" तिथे तुमचं डोकं लागतं. पहिली भेट आणि दोन फॉलोअप तुमच्याकडे १३०० होतात, त्यांच्याकडे २८०. हा इन्शुरन्स नव्हे, सेल लावलाय तुमच्यावर. फाडून टाका कागद.

कोकम_आगळ
तिरफळ नेहमीप्रमाणे टोकाला. मी फिजिओ आहे रत्नागिरीत, अशाच एका पॅनेलवर आहे. दुपारी २ ते ४ ओपीडीत कुत्रं फिरत नाही, तेवढेच स्लॉट त्यांना उघडे ठेवलेत, व्हिडिओवर. पंखा लावून बसल्या बसल्या काहीतरी येतं की. रिकामी वेळ ७०० रुपयांची नसते, शून्याची असते.

तिरफळ
आणि तेच पेशंट उद्या संध्याकाळचा स्लॉट मागतील तेव्हा? शिवाय ७०० देऊन येणाऱ्या शेजारणीला कळलं की तिच्या सुनेला ॲपवर फुकट मिळतं, मग ती कशाला देईल ७००? कुडाळ आहे ते, संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत माहीत.

कोकम_आगळ
फिजिओत असं काही झालेलं नाही. तुम्ही कधी क्लिनिक चालवलंय का?

तिरफळ
दुकान चालवतो. उधारी कळते. ४५ दिवस म्हणजे उधारीच.

एडिसनची_सून
इथे अमेरिकेत माझी जाऊ रजिस्टर्ड डाएटिशियन आहे, ती इन्शुरन्स घेते आणि खूप छान चाललंय. ९७८०२ कोड पहिल्या भेटीला, ९७८०३ फॉलोअपला, १५-१५ मिनिटांच्या युनिटने बिल. मेडिकेअर (इथला सरकारी विमा) डायबेटीस आणि किडनीच्या पेशंटला पहिल्या वर्षी ३ तास देतं, पुढे वर्षाला २ तास, डॉक्टरचं रेफरल लागतं. तुम्ही पण कोड लावून बिल करून बघा.

टीपीएवाला
वहिनी, तिकडे फॉलोअपला वेगळा कोड म्हणजे वेगळे पैसे आहेत, इथला कागद नेमका तेवढंच फुकट मागतोय. तो कोड आपल्या पावतीवर लिहिला तर इथला क्लेमवाला तो पावती नंबर समजेल.

सुरक्षा_कवच
ताई तुम्ही स्वतःचा हेल्थ इन्शुरन्स आणि टर्म प्लॅन घेतलाय का? प्रोफेशनल इंडेम्निटी? सेल्फ एम्प्लॉइड महिलांसाठी उत्तम योजना आहेत, हेल्थ इन्शुरन्सच्या हप्त्यावर जुन्या टॅक्स पद्धतीत सूट पण मिळते. मेसेज करा.

तिरफळ
आले.

बांगडा_फ्राय
माका एक सांगा, माझ्या डाक्टरान भात बंद केल्यान, आता पेज पण नको म्हणता. इन्शुरन्सात बसता काय ह्या? बायल रोज भाकरी घालता, जीव गेलो.

पेजभात
काका भात एकदम बंद नका करू, पण वाटीने मोजून घ्या, आधी मासा आणि भाजी खा मग भात. वर सोलकढी दोन ग्लास नको, त्यातलं खोबरं पण मोजायचं. साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि हे फुकट सांगितलं, म्हणजे ॲपवाल्यांच्याच रेटने.

टीपीएवाले दादा, मग पेशंटला सांगू काय? नुसतं नाही म्हटलं की जातात.

टीपीएवाला
नाही म्हणायचंच नाही. "मी कॅशलेस करत नाही, पक्की पावती देते, तुमच्या पॉलिसीत ओपीडी असेल तर क्लेम टाका, मिळेल की नाही ते आधी कंपनीला विचारून या" एवढं बोलायचं. पावती मात्र नीट हवी. पेशंटचं पूर्ण नाव पॉलिसीवर आहे तसं, वय, तारीख, पावती क्रमांक, कशासाठी सल्ला (टाईप २ डायबेटीस असं लिहा, "वेट लॉस पॅकेज" लिहिलंत की गेला क्लेम, पण जे खरं आहे तेच लिहा, डायबेटीस नसताना लिहू नका), तुमचं शिक्षण, रजिस्ट्रेशन असेल तर नंबर, सही-शिक्का. आणि डॉक्टरची चिठ्ठी जोडायची, कारण पॉलिसीत "मेडिकल प्रॅक्टिशनर" म्हणजे मेडिकल कौन्सिलचा डॉक्टर, डाएटिशियन त्यात बसत नाही. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात तुम्ही लोक आलात ते वेगळं, पॉलिसीची व्याख्या वेगळी.

दुसरं, जो नुकताच डिस्चार्ज घेऊन आलाय त्याला विचारा. बऱ्याच पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा खर्च धरतात, आरोग्य संजीवनी या स्टँडर्ड पॉलिसीत तर ६० आहेतच. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरने आहारतज्ज्ञाला दाखवा असं लिहिलं असेल तर काही कंपन्या देतात, काही कापतात. पण प्रोटीन पावडरचे डबे त्यात घालू नका, ते स्वतःहून घेतलेले सप्लिमेंट्स कोड १४ मध्ये बाहेर.

माडाखाली
म्हणजे शेवटी डॉक्टरची चिठ्ठीच. मग डॉक्टरांनाच धरा ना. डायलिसिस सेंटर, डायबेटीसवाले दोन फिजिशियन, त्यांच्याकडून पेशंट आले की ॲप कशाला हवंय.

कोकम_आगळ
हे मात्र बरोबर बोललात. मला अर्ध्याहून जास्त काम हाडांच्या डॉक्टरांकडूनच येतं. पण कमिशन देऊ नका, एकदा दिलंत की दर महिन्याला द्यावं लागतं.

हिशेबी_मावशी
टीडीएसने घाबरू नका, १०% कापतील ते रिटर्न भरल्यावर हिशेबात येतात, आणि वर्षाला त्यांच्याकडून ५०,००० च्या आत आले तर कापायची गरजच नसते. जीएसटीचं नोंदणी प्रकरण २० लाखांच्या उलाढालीनंतर. तुमची अडचण टॅक्स नाही, ते "कितीही फॉलोअप" आहे. ते खोडून "एक फॉलोअप, १० मिनिटं" करायला सांगा, आणि करार कधीही ३० दिवसांची नोटीस देऊन मोडता येतो का बघा. तो भाग वाचलात?

पेजभात
वाचला आत्ता. आपण मोडायचा तर ९० दिवस, त्यांनी मोडायचा तर ७. छान.

शुक्रवारी सही करत नाही. एक फॉलोअप, ५०० रुपये, फक्त दुपारचे व्हिडिओ स्लॉट असं लिहून पाठवलंय, घेतील तर घेतील. पावतीपुस्तक नवीन छापायला टाकते, डायग्नोसिसचा रकाना घालून. डायलिसिसच्या डॉक्टरांना सोमवारी भेटते.

तिरफळ
आता बघा, सोमवारी त्यांचा माणूस "मॅडम तुमच्यासाठी स्पेशल ३५०" म्हणत फोन करेल. उचलू नका.

बांगडा_फ्राय
सोलकढी एक ग्लास चलता ना पण?