आपल्याच बांधावर पेटवायला बंदी? (गिरणारे)

बांधावरचा_बाळू
मंडळी, नाशिकजवळ गिरणाऱ्याकडे दोन एकर द्राक्षबाग आहे. बागेच्या वरच्या अंगाला बांध, पलीकडे वाळलेल्या गवताचं गायरान आणि मग थेट डोंगर. आठ दिवसांपूर्वी खरड छाटणी (द्राक्षाची उन्हाळी छाटणी) झाली, काड्यांचे ढीग ओळींच्या टोकाला पडलेत. दरवर्षी एखाद्या संध्याकाळी पेटवून मोकळा होतो. यंदा ग्रामपंचायतीने भोंगा फिरवला: पाऊस पडेपर्यंत बांध, काडी, पालापाचोळा काहीच पेटवायचं नाही. जागा माझी, काड्या माझ्या. मग मला अडवता येतं का?

खरं तर मला हे विचारायला तोंड नाही. मागच्या वर्षी बांध पेटवला तेव्हा मी स्वतः कडुलिंबाचा टहाळ घेऊन उभा होतो. चार वाजेपर्यंत पान हलत नव्हतं. मग कुठून तरी वावटळ आली आणि पेटतं गवत उचलून शेजारच्या आबांच्या बागेत नेऊन टाकलं. अठरा ओळींच्या ठिबकच्या नळ्या वितळून काळ्या शेवयांसारख्या तारेवरून लोंबत होत्या. पैसे भरून दिले, पण आबा अजून पारावर माझ्याकडे पाठ करून बसतात.

निवृत्त_वनरक्षक
बाळूभाऊ, पंचायतीचं राहू द्या बाजूला. तो डोंगर राखीव वन असेल तर भारतीय वन अधिनियम १९२७, कलम २६ बघा. वनात आग लावणं गुन्हा आहेच, पण नियम मोडून जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणंही त्यातच येतं. शिवाय निष्काळजीपणे आग हाताळून कुणाच्या जिवाला धोका केला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणी बघत नाही असंही समजू नका. उपग्रहाला आगीचा ठिपका दिसला की वनखात्याच्या लोकांच्या मोबाइलवर मेसेज येतो.

जाळरेषेचं, म्हणजे वणवा अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्याचं गवत आम्हीही जाळायचो की! पण हिवाळ्यात, गवतावर दहिवर असताना, माणसं दोन्ही बाजूंना उभी करून. चैत्रात दुपारी नाही. आणि तुमचा बांध चढाच्या पायथ्याशी आहे. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकते, ते आधीच तापवून ठेवते. मग आग धावते, माणूस मागे राहतो. वणवा दिसला तर १९२६ वर फोन करा.

पेठची_सून
सरसकट बंदी म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे यावं. नागलीचं, भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, टहाळ पसरून राब भाजतात, त्याने तणाचं बी मरतं. ते काय हौसेने करतो? पण आमची सासू आधी भोवतीचं गवत खरवडून मातीचा पट्टा उघडा करते, ओली पोती जवळ ठेवते आणि वारा पडल्याशिवाय काडी ओढू देत नाही. दादा, तुम्ही एकटेच टहाळ घेऊन उभे होता, चूक तिथेच झाली.

नाशिकरोड_ते_मेलबर्न
इकडे व्हिक्टोरियात धोक्याच्या दिवशी आगबंदी जाहीर होते, पूर्ण राज्याला किंवा जिल्ह्यापुरती. त्या दिवशी उघड्यावर आग नाही म्हणजे नाही, जागा कुणाची का असेना. रोज सकाळी लोक तापमानासारखी आगीच्या धोक्याची पातळी बघतात. आपल्याकडे गावाला निदान भोंगा तरी आहे.

मोहाडीचा_बागायतदार
जाळता कशाला? ट्रॅक्टरमागे कुट्टी मशीन लावा, काड्यांचा भुगा ओळीतच पडू द्या. उन्हात ओल धरतो. आम्ही पाच वर्षं काडी पेटवलेली नाही. फक्त रोगट काडी वेगळी काढा.

बांधावरचा_बाळू
सगळ्यांचे आभार. पेठच्या ताई, बोललात ते लागलं, पण खरं आहे. कुट्टीचं पटतंय. एक अडचण आहे: खोडाची सुटलेली साल काढलीय, तिच्याखाली पिठ्या ढेकूण ही कीड असते, ती भुग्याबरोबर बागेत परत नको. ती साल गोणीत भरून तोंड बांधून ठेवलीय, पाऊस पडल्यावर बघू.

दुसरी अडचण मोठी आहे. आमच्या शिवारात कुट्टी मशीन एकच, आणि ते आबांकडे. उद्या सकाळी ते पारावर यायच्या आत घरीच गाठतो.