मदत हवी आहे: जुन्या आरव्हीची किंमत योग्य आहे का? (अमेरिका)

गोदाकाठ_डॅलस
जुनी आरव्ही (आत बेड, किचन, बाथरूम असलेली घरगाडी) बघून आलो. मालक ५९ हजार डॉलर सांगतोय. आईबाबा मेमध्ये नाशिकहून येताहेत, त्यांना यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान दाखवायचं आहे. आईला लांबच्या प्रवासात बाथरूम जवळ लागतं, म्हणून आरव्हीच. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचंय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. किंमत बरोबर आहे का, एवढंच सांगा.

माळरान
कोणती आरव्ही? क्लास ए (बससारखी), बी (व्हॅनसारखी) की सी (व्हॅनच्या सांगाड्यावर घर, चालकाच्या डोक्यावर बेड)? का मागे ओढायचा ट्रेलर? साल, मैल, लांबी, स्लाइडआउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) किती, टायटल (मालकीचा कागद) क्लीन आहे का? यातलं काहीच माहीत नसताना आकडा कोण सांगणार?

सुगरण_सिएटल
विकत कशाला घेताय? भाड्याने घ्या. इन्शुरन्स, स्टोरेज, हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून करायची तयारी, सगळं मागे लागतं.

गोदाकाठ_डॅलस
भाड्याचा हिशोब केलाय, तो विषय नको. क्लास सी, फोर्ड ई-४५०, २०२० मॉडेल, ४१ हजार मैल, एक स्लाइड. आता सांगा.

व्ही_टेन_प्रेमी
इंजिन कुठलं? ७.३ लिटरचं व्ही-८ असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. घाटात फरक कळतो.

माळरान
व्हीआयएनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) दहावं अक्षर बघा. के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०. गाडीचा सांगाडा फोर्डचा, वरचं घर दुसऱ्या कंपनीचं. त्यामुळे २०२०च्या घराखाली २०१९चा सांगाडा असू शकतो. त्यात फसवणूक नाही, पण इंजिन कुठलं ते त्यावरून कळेल. भाव मात्र घराच्या मॉडेल वर्षाने लावतात.

गोदाकाठ_डॅलस
के आहे. म्हणजे जुनं व्ही-१०?

व्ही_टेन_प्रेमी
हो, ६.८ लिटर. तेही दणकट इंजिन आहे. आमचं अजून तक्रार न करता चाललंय.

ओलावा_तपास
इंजिनावर चर्चा कशाला? आरव्हीची किंमत इंजिन नाही, पाणी ठरवतं. छताचे सांधे, खिडक्यांचे कोपरे, वरच्या बेडच्या पुढचा भाग, स्लाइडच्या कडा. तिथे हाताने दाबा. जमीन किंवा भिंत मऊ लागली, बाहेरचा फायबरग्लास फुगलेला दिसला, तर आतलं लाकूड कुजायला लागलंय. मग मैल कमी असून काय उपयोग? ओलावा मोजायचं मीटर स्वस्तात मिळतं, घेऊन जा.

माळरान
पटलं, पण तो भाव विचारतोय. जेडी पॉवरवर (जुन्या गाड्यांचे भाव देणारी साइट) मॉडेल टाका, लो आणि ॲव्हरेज दोन्ही आकडे येतील. मैलांचा फरक मिळवा. मात्र ऑनलाइन जाहिरातींवरून भाव काढू नका, त्या मागितलेल्या किमती आहेत. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती शोधा. २०२१ साली अमेरिकेत सहा लाखांवर आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, २०२३ मध्ये जेमतेम तीन लाख तेरा हजार. त्या तेजीत चढ्या भावाने कर्ज काढून घेतलेले लोक आता बाकी कर्जाएवढी किंमत मागतात. तुमच्या मालकाने ही कधी घेतली? कर्ज बाकी आहे का?

सह्यगिरी_पुणे
इथे पुण्यात फोर्स ट्रॅव्हलरची कॅम्पर करायची म्हणतोय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी लागते, कोणी घेतली आहे का?

ओलावा_तपास
पुणेकर, वेगळा धागा काढा, उत्तर देईन.

गोदाकाठ_डॅलस
२०२१ला घेतली, कर्ज आहे, टायटल बँकेकडे. जेडी पॉवर ॲव्हरेज ५२ हजारांच्या आसपास. टायरवर ३२१८ लिहिलंय, खाच मात्र भरपूर आहे. जनरेटर फक्त ६० तास चाललाय, हे चांगलंच ना?

माळरान
चांगलं नाही. ओनान (जनरेटरची कंपनी) दर महिन्याला निम्म्या लोडवर दोन तास चालवायला सांगतं. इतक्या वर्षांत ६० तास म्हणजे बराच काळ बंद पडून होता, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल घट्ट झालं असेल. एसी लावून अर्धा तास तुमच्यासमोर चालवायला सांगा. ३२१८ म्हणजे २०१८चा ३२वा आठवडा. खाच कितीही असो, हे टायर बदलायचेच. सहा टायर, हजार-दीड हजार डॉलर धरा. ते वजा करून बोला. पैसे मालकाच्या हातात देऊ नका, त्याच्या बँकेत बसून कर्ज फेडून टायटल मोकळं करून घ्या.

सुगरण_सिएटल
आणि यलोस्टोनमध्ये पाणी, वीज, सांडपाणी तिन्ही जोडण्या फक्त फिशिंग ब्रिजला आहेत. मेमध्ये जायचं तर आजच बुकिंग बघा.

व्ही_टेन_प्रेमी
४८ म्हणा. पन्नासच्या वर जाऊ नका.

ओलावा_तपास
न बघितलेल्या गाडीचा भाव कसा सांगता? वरच्या बेडखाली पाणी असेल तर ३५ पण जास्त होतील. आरव्हीचा प्रमाणित तपासनीस बोलवा, त्याची फी द्या.

गोदाकाठ_डॅलस
आत्ताच मालकाला फोन केला. तपासनीस नको म्हणतोय, शनिवारपर्यंत वेळ नाही म्हणे. वरच्या बेडच्या डाव्या कोपऱ्यात पिवळट डाग होता, फोटो घेतलाय. मालक म्हणाला कॉफी सांडली.

ओलावा_तपास
फोटो टाका. आणि बाहेरून त्याच कोपऱ्यावरचा मार्कर लाइट (कडेचा छोटा दिवा) व त्याखालचं सीलंट कसं आहे, त्याचाही.