मदत हवी आहे: ६ आठवड्यांचं बाळ रोज संध्याकाळी ३ तास रडतं

बाळ पूर्ण दिवसांचं, फक्त अंगावरच्या दुधावर. गेले पंधरा दिवस संध्याकाळी सहाला रडणं सुरू होतं ते नऊ-साडेनऊपर्यंत. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी, पोट टणक, चेहरा लालबुंद. मध्येच वारा सरला की दोन मिनिटं शांत, मग पुन्हा तेच. बाकी दिवसभर छान असतं.

डॉक्टरांना दाखवलंय. ताप नाही, हिरवी उलटी नाही, शीमध्ये रक्त नाही, वजन नीट वाढतंय. पोटशूळ आहे, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप कमी होईल म्हणाले. पटतं, पण त्याचं ते कळवळणं बघवत नाही.

प्रत्येक वेळी पाजल्यावर ढेकर काढते. पोटाला हलक्या हाताने गोल मालिश, पायांची सायकल, कोमट पाण्याने अंघोळ, सगळं झालं. सिमेथिकोनचे (पोटातल्या गॅसवरचं औषध) थेंब आठवडाभर दिले, काडीचा फरक नाही. थोडाफार उपयोग होतो तो एकाच गोष्टीचा: हातावर पालथं घ्यायचं, डोकं कोपराशी, आणि फेऱ्या मारायच्या. थांबलं की रडणं सुरू. (ग्राइप वॉटर किंवा मध कृपया सुचवू नका, डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलंय.)

आता त्यांनी दोन पर्याय दिलेत: लॅक्टोबॅसिलस रॉयटेरीचे (पोटासाठी चांगले जिवाणू, म्हणजे प्रोबायोटिक) थेंब, नाहीतर मी दोन आठवडे दूध-दुभतं पूर्ण बंद करायचं. दोन्ही एकदम केलं तर गुण कशाने आला ते कळणार नाही. ज्यांनी यातलं एकच करून पाहिलंय, त्यांच्या बाळाचं रडणं कितव्या दिवसापासून कमी झालं?